जेरुसलेममध्ये, मिशनरी शेजाऱ्यांकडे नाताळ

गुरुवार, १९ डिसेंबर २०१९

दिल्लीहून तेल अवीवला जाणारं एअर इंडियाचं विमान सौदी अरेबियाच्या डोक्यावरून जातं. इस्राएलकडे निघालेल्या प्रवासी विमानाला ही वाट मार्च २०१८ मध्ये पहिल्यांदा मोकळी झाली. वेळ वाचतो, पण रात्री खिडकीतून बघायला अंधाराखेरीज काही नाही. त्यामुळे ठाण्यापासून पोटात दाबून ठेवलेला विषय ह्यांनी अखेर बाहेर काढला.

"मिशनऱ्यांकडे नाताळला जायचं, तेही जेरुसलेमला. येताना दोघांची नावं तीच राहतील ना?"

ह्यांना मी दोष देत नाही. आपल्याकडे मिशनरी म्हटलं की शाळा, दवाखाने आठवतात आणि पाठोपाठ शंकाही येतेच. पण हे मिशनरी म्हणजे आमचे शेजारी. आमचा मुलगा अमेरिकेत युटा राज्यातल्या लीहाय गावी राहतो. नातीच्या जन्माच्या वेळी एक हिवाळा आम्ही तिथे काढला. पलीकडच्या घरात निवृत्त दंतवैद्य आणि त्यांची बायको राहायचे. ती शाळेत संगीत शिकवायची. आम्ही उठायच्या आत आमच्या दारासमोरचं बर्फ फावड्याने ओढून झालेलं असे, आणि विचारलं तर सत्तरीचे ते गृहस्थ म्हणत, "व्यायाम हो." नात त्यांना ग्रॅम्पा-ग्रॅम्मी म्हणायला लागली, मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

दोघं मॉर्मन. २०१८ मध्ये त्यांच्या अध्यक्षांनी सांगितलं की चर्चचं पूर्ण नाव घ्या, मॉर्मन म्हणू नका. पण 'चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे दर वेळी कोण म्हणणार? मी जुनंच वापरते, ग्रॅम्मी ऐकून घेते. पांढरा शर्ट, छातीवर काळी पाटी लावून जोडीने फिरणारी त्यांची तरुण पोरं जगभर दिसतात. मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. निवृत्त जोडपीही अशीच निघतात, हे मात्र मला लीहायमध्येच कळलं. वर्ष-दीड वर्षासाठी, स्वतःच्या खर्चाने. कुणी कचेरीतली कागदपत्रं सांभाळतं, कुणी जुन्या वंशावळ्यांच्या नोंदी करतं, कुणी दवाखान्यात बसतं. ग्रॅम्पा-ग्रॅम्मींनी घर भाड्याने दिलं, गाडी मुलीकडे ठेवली आणि २०१९ च्या वसंतात दोन-दोन बॅगा घेऊन जेरुसलेमला आले.

विमानतळावरून शेरुत घेतली. ही इथली शेअर टॅक्सी, जागा भरल्याशिवाय हलत नाही. आमच्यात एक माणूस कमी होता. ड्रायव्हर निवांत सिगारेट ओढत उभा आणि आत सगळे आपापल्या भाषेत त्याचा उद्धार करताहेत. ठाणे स्टेशनच्या रिक्षा स्टँडवर आल्यासारखं वाटलं.

शुक्रवार, २० डिसेंबर

आमचा मुक्काम दमास्कस गेटजवळच्या एका साध्या गेस्ट हाउसमध्ये, आणि ग्रॅम्पा-ग्रॅम्मी माउंट स्कोपसच्या उतारावर, मॉर्मनांच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या जेरुसलेम सेंटरमध्ये. ही इमारत टेकडीवरून पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते. आठ मजले, पण कुठूनही उंच वाटत नाही. जिकडेतिकडे कमानी आणि जेरुसलेमचा तो पिवळसर दगड. इंग्रजांच्या काळापासून इथे इमारतीला हाच दगड लावावा लागतो, म्हणून अख्खं शहर एका रंगाचं. गच्चीवर आलो तर समोर सगळं जुनं शहर, मधोमध सोनेरी घुमट.

सहामाही संपून विद्यार्थी अमेरिकेला परतले होते, त्यामुळे कॉरिडॉर ओस. ग्रॅम्पांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. ह्यांनी चहापाण्याचीही वाट न बघता (चहा मिळणार नव्हता ते वेगळं) विचारून टाकलं, "इथे तुम्ही नेमकं काय काम करता?"

"खुर्च्या लावतो," ग्रॅम्पा म्हणाले. "आणि कार्यक्रम संपला की उचलतो."

ह्यांना ते खोटं वाटलं. मग ग्रॅम्पांनी इमारतीचा इतिहास सांगितला. १९८० च्या दशकात हे बांधकाम सुरू झालं तेव्हा शहरातल्या कर्मठ यहुदी मंडळींनी प्रचंड विरोध केला. मोर्चे निघाले, प्रकरण संसदेत गेलं. धाक एकच होता, की ही माणसं आमच्या लेकरांना बाटवतील. महापौर टेडी कोलेक मात्र सेंटरच्या बाजूने उभे राहिले. शेवटी चर्चने लिहून दिलं, की इथे धर्मप्रचार करणार नाही. १९८८ मध्ये ४९ वर्षांचा भाडेपट्टा झाला आणि १६ मे १९८९ ला वास्तूचं समर्पण. तेव्हापासून इथे येणारा विद्यार्थी असो, प्राध्यापक असो, नाहीतर ग्रॅम्पांसारखा खुर्च्या लावणारा, प्रत्येकाला ते वचन पाळावं लागतं. कुणी आपण होऊन विचारलं तरी धर्माबद्दल बोलायचं नाही.

"आणि मी विचारलं तर? मी तर ठाण्याचा," हे म्हणाले.

"मग तुम्ही परत युटाला या."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तीन महिने उजळणी करून आणलेला वाद घालायला समोर कुणी उभंच राहीना.

दुपारी ग्रॅम्मीबरोबर ट्रामने माहाने येहुदा बाजारात गेलो. नाताळची खरेदी शुक्रवारीच उरकायची, कारण सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, लागला की ट्रामही बंद आणि दुकानंही. तीन वाजता त्या बाजारात शिरणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी दादरला भाजी घेणं. ग्रॅम्मीच्या यादीत बटाटे, चीज, दालचिनी, कॉर्नफ्लेक्स आणि डबाबंद क्रीम सूप होतं. सूप कुठेच मिळालं नाही. तिने ते इतकं मनाला लावून घेतलं, की एवढं सूपाचं काय, असं मला वाटून गेलं. बुधवारी कळलं.

शनिवार, २१ डिसेंबर

जेरुसलेममध्ये शुक्रवार मुसलमानांचा, शनिवार यहुद्यांचा, रविवार ख्रिश्चनांचा. मॉर्मन मात्र गावाची रीत पाळून आपली उपासना इथे शनिवारी करतात. ती दोघं तिकडे गेली, आम्ही जुन्या शहरात हिंडलो. हेरोद गेटच्या आत वळलं की एक फाटक लागतं, त्यावर भारताचा झेंडा. ही झाविया अल-हिंदिया, म्हणजे हिंदी धर्मशाळा. सूफी संत बाबा फरीद इथे येऊन ध्यानाला बसले होते अशी परंपरा सांगते. पुढे हिंदुस्थानातून येणारे यात्रेकरू इथेच उतरत. फाटक बंद होतं. पावसाची भुरभुर सुरू होती. हे म्हणाले, फोटो काढ आणि चल.

रविवार, २२ डिसेंबर

खुर्च्यांचं खरं निघालं.

सेंटरमध्ये रविवारी संध्याकाळी संगीताची मैफल असते. दुपारपासून ग्रॅम्पा, आणखी एक निवृत्त इंजिनिअर आणि एक माजी शेतकरी अशी तीन म्हातारी माणसं यादी घेऊन रांगा मोजत होती. ज्यांच्या दवाखान्यात मदतनीस दात साफ करायचे आणि जे स्वतः फक्त शेवटी येऊन बघायचे, ते ग्रॅम्पा आता लोकांच्या ओल्या छत्र्या घेऊन बादलीत उभ्या करत होते. ह्यांनी थोडा वेळ बघितलं आणि बाही सरसावून बादलीशी जाऊन उभे राहिले. बँकेत एवढी वर्षं टोकन वाटल्याचा अनुभव कामाला आला. छत्री घेताना प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी, गोंधळ नाही.

सभागृहाची पाठीमागची भिंत अख्खी काचेची आहे. तिच्यापलीकडे दिव्यांनी उजळलेलं जुनं शहर, अलीकडे डेन्मार्कच्या मार्कुसेन कंपनीने बांधलेला ऑर्गन. त्याला ३,००० हून अधिक नळ्या आहेत, काही पेन्सिलीएवढ्या, काही माणसापेक्षा उंच. खर्जाचा सूर लागला की तो कानांआधी खुर्चीच्या पाठीतून कळतो. पाश्चात्त्य संगीतातलं मला फारसं समजत नाही, पण मंद्र सप्तकात कुणी नीट काम करतंय एवढं नक्की कळलं. श्रोते बहुतेक यहुदी, त्यांत रशियन बोलणारे बरेच. ज्यांच्याविरुद्ध तीस वर्षांपूर्वी मोर्चे निघाले, त्यांच्याच सभागृहात गाव थंडीपावसातून ऐकायला येतं.

मध्यंतरात एका पोक्त बाईंनी ग्रॅम्मीला गाठलं. मी शेजारीच कार्यक्रमपत्रिका वाटत होते.

"मी इथे नेहमी येते," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे इतके नम्र! तुमचा धर्म नेमका काय सांगतो हो?"

एरवी मिशनऱ्याने ज्या प्रश्नासाठी दारोदार हिंडायचं, तो प्रश्न इथे पायांनी चालत आला होता. ग्रॅम्मी लाल झाली आणि म्हणाली, "ते मला इथे सांगता येत नाही, माफ करा. ऑर्गनबद्दल विचारा ना, तासभर सांगेन." बाई हसल्या, ऑर्गनबद्दल विचारलं, आणि ग्रॅम्मीने खरोखर मध्यंतर संपेपर्यंत सांगितलं.

त्याच संध्याकाळी हनुक्का, यहुद्यांचा दिव्यांचा सण, सुरू झाला. परतताना घराघरांच्या खिडक्यांत पहिली ज्योत होती.

रात्री त्यांच्या फ्लॅटमध्ये मला चहाची तलफ आली. मॉर्मन चहा, कॉफी, दारू, तंबाखू काही घेत नाहीत. १८३३ पासूनचा नियम. त्यांच्या घरात पातेल्यात चहा उकळणं म्हणजे सोवळ्याच्या स्वयंपाकघरात अंडं फोडणं, म्हणून मी गप्प होते. ग्रॅम्मीने स्वतः पातेलं काढून पुढे सरकवलं, "नियम आम्हाला आहे, तुला नाही." पावडर मी पर्समध्ये बाळगतेच. त्यांच्यासाठी दुसऱ्या पातेल्यात आलं-वेलदोडा घालून दूध उकळलं. ग्रॅम्पांनी दोनदा मागून घेतलं.

सोमवार, २३ डिसेंबर

आज जोसेफ स्मिथ यांचा जन्मदिवस. मॉर्मन चर्चचे संस्थापक, जन्म २३ डिसेंबर १८०५. मला हे लीहायमध्ये कळलं होतं. निघताना ग्रॅम्मीला म्हटलं, "आज काही विशेष?" ती फक्त हसली. विषय संपला.

आम्ही निघालो रामल्याला. तिथे माझी शाळेतली मैत्रीण राहते. ठाण्याला सिव्हिल हॉस्पिटलसमोर बेने इस्राएलांचं, म्हणजे आपल्या मराठी यहुद्यांचं, १८७९ चं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे, त्याच्या मागच्या गल्लीत तिचं घर होतं. शनिवारी ती खेळायला यायची नाही, एवढाच आम्हा मुलींच्या लेखी तिचा धर्म. १९७४ मध्ये घरचे सगळे इस्राएलला आले. आडनाव अर्थात '-कर' शेवटाचंच. अलिबागजवळ नवगावला यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, जी थोडी माणसं वाचली ती कोकणात राहिली आणि घाण्यावर तेल काढू लागली, अशी त्यांची परंपरागत कथा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं 'शनिवार तेली'.

दार उघडताच म्हणाली, "अगो, किती जाडी झालीस!"

तिचं मराठी १९७४ मध्ये थांबलंय. आमच्या आयांसारखं बोलते, मध्येच हिब्रू शब्द पेरते. अंगणात कढीपत्ता, गवती चहा, अळू. भिंतीवर रथात बसलेल्या एलियाहू हन्नावी या यहुदी प्रेषिताची तसबीर. आमच्या येण्यानिमित्त तिने मलिदा केला होता. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, वर फळांच्या फोडी. नवस फेडायला किंवा शुभ कार्याला एलियाहूच्या नावाने हा करतात आणि प्रार्थना म्हणून वाटतात. जगातल्या दुसऱ्या कुठल्याच यहुद्यांत ही रीत नाही. हनुक्क्याला तेलात तळलेलं खायचं असतं. बाकीचे यहुदी बटाट्याची थापटी तळतात किंवा जॅम भरलेले डोनट खातात. हिच्याकडे बटाटेवडे.

आम्ही कुठे उतरलोय, कुणाकडे जातो, हे ऐकून तिचा नवरा सावरून बसला. "त्या टेकडीवर? अहो, काय आरडाओरडा झाला होता त्या इमारतीवरून!" मग जरा थांबून म्हणाला, "आरडाओरडा करणाऱ्यांनी आम्हाला तरी कुठे सोडलं होतं?" बेने इस्राएल अस्सल यहुदी आहेत का, त्यांच्याशी सोयरीक करावी का, असा वाद इथल्या धर्मपीठाने घातला होता. त्याचे काका तेव्हा जेरुसलेममध्ये धरण्याला बसले होते. १९६४ मध्ये तो प्रश्न मिटला. कोकणात दोन हजार वर्षं कुणी विचारलं नाही ते इथे येऊन सिद्ध करावं लागलं, हे सांगताना त्याचा आवाज अजून चढतो.

संध्याकाळी दुसरी ज्योत लावली. नातवंडं हिब्रूत गायली, आजी मराठीत दटावत होती. उद्या बेथलेहेमला चल म्हटलं तर मान हलवली. "आम्हाला मनाई. इस्राएली नागरिकाने तिथे जायचं नाही, लाल पाटी आहे रस्त्यावर. इतकी वर्षं इथे आहे, इथून तासाभरावर आहे, पाहिलं नाही. तू बघ आणि सांग." निघताना पिशवीत कढीपत्त्याची डहाळी, मोहरी आणि गवती चहाची जुडी कोंबली.

मंगळवार, २४ डिसेंबर

जेरुसलेम ते बेथलेहेम जेमतेम दहा किलोमीटर. दमास्कस गेटजवळून अरबी बस मिळते. जाताना कुणी अडवत नाही. वाटेत ती भिंत दिसते, आठ मीटर उंचीचं काँक्रीट, त्यावर माणसाच्या हाताला पोचेल तिथवर चित्रं.

मेंजर चौकात सकाळपासून स्काउट पथकं चाललेली. ढोल आणि बॅगपाइप! पॅलेस्टिनी पोरंपोरी इंग्रजांनी मागे ठेवलेलं ते वाद्य अशा ठसक्यात वाजवतात, की गणपतीच्या ढोलपथकाची आठवण येऊन माझे पाय आपोआप पडायला लागले. दुपारी जेरुसलेमहून लॅटिन आर्चबिशपांची मिरवणूक आली. हा कॅथलिकांचा नाताळ. ऑर्थोडॉक्स मंडळींचा ७ जानेवारीला आणि इथल्या आर्मेनियनांचा तर १९ जानेवारीला. एका चौकात एका जन्माचे तीन वाढदिवस. पंचांगावरून भांडणारे आपणच एकटे नाही हे बघून ह्यांना फार बरं वाटलं.

जन्मस्थानाच्या चर्चचं दार जेमतेम सव्वा मीटर उंच, कमरेत वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात चौथ्या शतकात पहिलं चर्च झालं, आताचं सहाव्या शतकातलं. ६१४ मध्ये इराणी फौजांनी इथली चर्चेस पाडली, हे तेवढं वाचलं. चित्रातल्या पूर्वेच्या ज्ञानी पुरुषांचा पोशाख इराणी बघून सैनिक थबकले, असं सांगतात. खाली गुहेत जमिनीवर चौदा टोकांची चांदीची चांदणी. रांग इतकी, की आपला नंबर आला की मागचा ढकलतोच. चांदणीला हात लावला आणि बाहेर पडलो. शेजारच्या सेंट कॅथरीनमध्ये गव्हाणीच्या लाकडाचा एक तुकडा ठेवला आहे. तो शतकानुशतकं रोममध्ये होता, पोपनी याच नोव्हेंबरात परत पाठवला.

ग्रॅम्पा-ग्रॅम्मी आणि सेंटरची आठदहा मंडळी संध्याकाळी बेत सहूरला भेटली. बेथलेहेमला लागूनच असलेलं हे गाव. मेंढपाळांना देवदूताने बातमी दिली ती रानं इथली मानतात. मध्यरात्रीची मिस्सा हा कॅथलिकांचा सोहळा, मॉर्मन लोकांत तो नाही. त्यांचा नाताळ म्हणजे एवढंच: उतारावर ऑलिव्हच्या झाडांखाली उभं राहायचं, बायबलमधला जन्माचा उतारा एकाने मोठ्याने वाचायचा आणि गायचं. वाद्य नाही, मेणबत्त्या नाहीत, विजेऱ्या होत्या. ग्रॅम्मीने हलकेच पट्टी दिली आणि चार सुरांत गाणं उभं राहिलं. हे लोक लहानपणापासून चर्चमध्ये चार सुरांत गातात, शेतकरीसुद्धा. बाजूला काही नायजेरियन यात्रेकरू होते, ते ओढले गेले. मग केरळच्या दोन नन्स. एका अरब पोराने कडव्याच्या शेवटी शिट्टी मारली आणि त्याच्या आईने त्याला टपली मारली.

तीनचार गाणी झाल्यावर नायजेरियन बाईंनी आमच्याकडे बोट केलं. आता इंडिया!

मी गाणारी नव्हे. पण आमचे हे नौपाड्याच्या भजनी मंडळात टाळ धरतात. क्षणभर थांबले, स्वेटरची बटणं लावली आणि थेट "विठ्ठल विठ्ठल" असा गजर सुरू केला. नायजेरियन मंडळींनी दुसऱ्या आवर्तनात ताल पकडला. तिसऱ्यात ग्रॅम्मीने खालचा सूर जोडला. बेथलेहेमच्या रानात नाताळच्या आदल्या रात्री विठ्ठलाचा गजर चार सुरांत झाला. त्या दिवशी कुणी धर्मप्रचार केलाच असेल तर तो ह्यांनी केला, आणि लिहून दिलेलं नसल्याने बिनधास्त केला.

परतीच्या वाटेवर चौकीत बस थांबली. पॅलेस्टिनी प्रवासी उतरून कागद हातात धरून थंडीत रांगेत उभे राहिले. आम्ही परदेशी पासपोर्टवाले आत सीटवरच बसलो. बसमध्ये कुणी बोललं नाही.

बुधवार, २५ डिसेंबर

पश्चिम जेरुसलेममध्ये आज साधा बुधवार. बँका उघड्या, कचऱ्याची गाडी नेहमीच्या वेळेला. फ्लॅटमध्ये मात्र सकाळपासून दालचिनीचा वास. ग्रॅम्मी नाताळच्या सकाळी दालचिनीचे गोड रोल करते, गेली चाळीसेक वर्षं. कोपऱ्यात टेबलावर हातभर उंचीचं झाड. जेरुसलेमची नगरपालिका या दिवसांत जाफा गेटला अशी झाडं वाटते.

दुपारच्या जेवणाला बाकीची निवृत्त जोडपी येणार होती, आणि आता क्रीम सूपचा उलगडा झाला. युटामध्ये एक पदार्थ आहे, त्याला सगळे मयताचे बटाटेच म्हणतात. किसलेले बटाटे, आंबट साय, चीज, क्रीम सूप, वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स, आणि भट्टीत घालायचं. कुणाकडे मृत्यू झाला की चर्चमधल्या बायका हे तबक घेऊन जातात, त्यावरून नाव. पण चवीला इतकं आवडतं की सणालाही होतं.

"नाताळच्या दिवशी मयताचं?" ह्यांनी मला मराठीत विचारलं. मी गप्प बसवलं.

सूप नव्हतं, तर लोणी-मैद्याचा पांढरा रस्सा मी केला. आंबट सायीच्या जागी इथला लबने, म्हणजे आपल्या चक्क्याचाच भाऊ. कॉर्नफ्लेक्स घालायच्या आधी चव बघितली. फार सौम्य. ग्रॅम्मीला विचारलं, एका कोपऱ्यावर प्रयोग करू का? तेल तापवलं, रामल्याची मोहरी तडतडवली, कढीपत्ता, एक हिरवी मिरची, आणि ती फोडणी तबकाच्या चौथ्या हिश्श्यावर ओतली. खोकत खोकत ग्रॅम्मीने खिडक्या उघडल्या. तो चौथा हिस्सा आधी संपला. शेतकरी आजोबांनी सांगितलं, माझ्या मयताला हेच करा.

हिरवी जेलीही होती, आत किसलेलं गाजर. जेली हा २००१ पासून युटाचा अधिकृत खाऊ आहे. तीत प्राणिज जिलेटिन असतं म्हणून मला खाता येत नाही. देव पाठीशी असतो तो असा.

संध्याकाळी सहाला युटात सकाळचे नऊ. फोनच्या पडद्यावर बर्फ, पायजम्यातली नातवंडं, फाटलेले रंगीत कागद. सगळ्यांत धाकटा नातू या दोघांच्या गैरहजेरीत जन्मलेला. ग्रॅम्मीने त्याला अजून हातात घेतलेलं नाही. मुलीने त्याला पडद्याजवळ आणलं तर त्याने पडदाच चाटला. सगळे हसले. मग मुलगी म्हणाली, सॉल्ट लेकच्या मंदिरासमोर फार गर्दी आहे, लोक शेवटचं बघून घेताहेत. ते मंदिर भूकंपापासून मजबूत करायला २९ डिसेंबरपासून काही वर्षं बंद होणार होतं. ग्रॅम्पा-ग्रॅम्मीचं लग्न तिथे लागलं. सगळी भावंडं शनिवारी तिथे जमणार होती, ही दोघं सोडून. ग्रॅम्पा म्हणाले, "आमच्या वाटचे दोन फोटो जास्त काढा."

फोन ठेवल्यावर ग्रॅम्मी बराच वेळ ओटा पुसत राहिली. तो मी आधीच पुसला होता. मी गवती चहाची उरलेली पाती दुधात उकळायला टाकली. मग ती आपणच सांगायला लागली, देवाधर्माचं नाही, तर घराबद्दल. भाडेकरूंनी तिच्या गुलाबांना पाणी घातलं असेल का, पुढच्या वसंतात छाटणी कोण करणार, आणि अजून किती महिने. मी म्हटलं, मुलाला सांगते, शेजारीच आहे. ती लगेच वही घेऊन बसली आणि छाटणी कुठून, किती, कोणत्या डोळ्याच्या वर, हे आकृत्या काढून दिलं.

गुरुवार, २६ डिसेंबर

सकाळी ठाण्याहून मुलीचा फोन. तिकडे सूर्यग्रहण लागलेलं, सोसायटीच्या गच्चीवर सगळे काळ्या काचा घेऊन उभे, आणि ढगांमुळे अर्धा वेळ काहीच दिसत नाही. "तुम्ही पाळताय ना?" हे रोल खात होते. इकडे ग्रहण दिसत नाही, मग पाळायचं नसतं, असा निर्णय त्यांनी तोंड भरलेलं असतानाच दिला.

ग्रॅम्पा बस स्थानकापर्यंत सोडायला आले. लवकर परतायचं होतं, संध्याकाळी शाळकरी मुलांची सहल इमारत बघायला येणार होती. ह्यांच्याशी हात मिळवताना म्हणाले, छत्र्यांची चिठ्ठी-पद्धत आम्ही कायम ठेवतोय.

बेन गुरियन विमानतळावरची चौकशी प्रसिद्ध आहे. एक तरुण मुलगी पासपोर्ट घेऊन एकामागून एक प्रश्न विचारत होती. कुठे राहिलात? कुणाला भेटलात? जेरुसलेमला मॉर्मनांकडे जात होतो, रामल्याला मराठी यहुदी मैत्रिणीकडे गेलो, मंगळवारी बेथलेहेमला. तिने तिच्या वरिष्ठाला बोलावलं. त्याने तेच सगळं पुन्हा विचारलं, आम्ही तेच पुन्हा सांगितलं. ह्यांनी मध्येच गजराचं सांगायला सुरुवात केली, मी पायावर पाय दिला.

"त्या लोकांनी तुम्हाला काही दिलं? पुस्तक, पत्रक, पाकीट?"

पुस्तक नाही, पत्रक नाही. मी वहीचा कागद काढून दाखवला. गुलाबाची छाटणी, चार आकृत्या. त्याने तो उलटसुलट बघितला, उजेडात धरला.

"आणि डब्यात?"

"दालचिनीचे रोल," हे म्हणाले. "मयताचे बटाटे होते, ते सकाळी संपवले."